हात, डोके आणि डिझेलचा पंप

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा मेळाव्यात शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, चारित्र्य अशा विषयांवर बोलावे अशी अपेक्षा असते. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारे माझ्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर बसलेले आहेत. म्हणून मी एक लहान विषय निवडला आहे. जुन्या पिकअप गाडीचा डिझेल पंप घरच्या घरी कसा बदलावा, हा तो विषय. सूचनाफलकावर हे वाचून काहींना हसू आले असेल. मराठी आणि इतिहास शिकवणारा बी.ए., बी.एड. मास्तर गॅरेजची गोष्ट का सांगतो, असाही प्रश्न पडला असेल. तो योग्यच आहे. मी मेकॅनिक नाही. परंतु आपल्या समोर बसलेल्या कित्येक घरांची चूल एखाद्या जुन्या पिकअपवर चालते, हे मला माहीत आहे. आणि ती गाडी रस्त्यात बंद पडली की त्या घरातील मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो, हे मी वर्गात पाहतो. तेव्हा हा विषय गाडीचा असला तरी शाळेच्या बाहेरचा नाही.

आपल्या किनाऱ्याची परिस्थिती आपण जाणताच. रेवदंड्यापासून मुरूड, आगरदांडा आणि खाडीपलीकडे दिघी, श्रीवर्धनपर्यंत मासळी, बर्फ, सुपारी, नारळ, मंडपाचे सामान, सिमेंटची पोती हे सारे छोट्या मालगाड्यांतूनच फिरते. यांतील पुष्कळ गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात. त्यातच आपली हवा खारी. घाटावर जो पाइप वीस वर्षे टिकतो तो इथे लवकर गंजतो, रबर कडक होऊन चिरते, नट जागच्या जागी बसतो. त्यामुळे गाडीची किरकोळ दुखणी आपल्याकडे थोडी अधिकच. आणि मासळी ही थांबणारी वस्तू नव्हे. कार्ले खिंडीत गाडी उभी राहिली की बर्फ वितळू लागतो आणि दर तासाला मालाची किंमत उतरते.

आता मूळ विषयाकडे वळतो. 'पंप गेला' हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. पण कोणता पंप? जुन्या डिझेल गाडीत दोन पंप असतात आणि दोघांनाही आपण 'पंप'च म्हणतो. या एका शब्दाच्या घोटाळ्यात पुष्कळांचे पैसे गेले आहेत. म्हणून डिझेलचा मार्ग एकदा नीट समजून घेऊ. टाकीतून निघालेले डिझेल प्रथम एका लहान पंपाकडे येते. याला फीड पंप म्हणतात. तो डिझेल उचलून फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमधून गाळलेले डिझेल मोठ्या पंपात, म्हणजे इंजेक्शन पंपात जाते. तो पंप ते मोजून, फार मोठ्या दाबाने, नेमक्या क्षणी नोझलमधून इंजिनात उडवतो. लहान पंपाचे काम घरात पाणी भरून ठेवणाऱ्या माणसासारखे. मोठ्या पंपाचे काम औषधाचे थेंब मोजून देणाऱ्या कंपाउंडरसारखे. पाणी भरणाराच आला नाही तर कंपाउंडर कितीही हुशार असला तरी देणार काय?

या मोठ्या पंपाचा इतिहासही विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखा आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. पण ते इंजिन अवजड होते. ते लहान गाडीत बसवायचे तर इंधन अचूक मोजून देणारा आटोपशीर पंप हवा होता. तो रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागला. भारतात १९५१ साली बंगलोरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपल्या मेकॅनिक लोकांच्या तोंडी असलेली 'मायको', स्थापन झाली. पुढे २००८ साली या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. परंतु जुन्या मिस्त्रींच्या तोंडून आजही मायकोचेच नाव निघते.

फीड पंपाची कुळी मात्र याहून फार जुनी आहे. इ.स. १२०६ मध्ये दियारबकर येथील दरबारी अभियंता अल-जझरी याने यंत्रांवर एक ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी वर चढवणाऱ्या एका दोन सिलिंडरांच्या पंपाचे वर्णन आहे. चाक फिरते, त्याच्या फिरण्याचे रूपांतर दट्ट्याच्या पुढे-मागे हालचालीत होते, एक झडप पाणी आत घेते, दुसरी बाहेर सोडते. आपल्या गाडीच्या फीड पंपात तत्त्व हेच आहे. अल-जझरीचे मोठेपण मला एवढ्यासाठी वाटते की तो स्वतः यंत्र बनवणारा कारागीर होता आणि आपण बनवलेले यंत्र दुसऱ्यालाही बनवता यावे अशा रीतीने लिहिणाराही होता. हात आणि लेखणी त्याच्या ठायी एकत्र होती. आपण मात्र घराघरांतून त्यांची फारकत करून टाकली आहे. शिकणाऱ्या मुलाने बॉनेटला हात लावायचा नाही, आणि बॉनेटला हात लावणाऱ्याने पुस्तक उघडायचे नाही, असा जणू दंडकच पडला आहे.

आता या पंपाच्या पोटात काय असते ते पाहू. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्या अंगाला दोन बोल्टांनी बसवलेला असतो. त्याची एक दांडी इंजिनाच्या आत शिरून कॅमशाफ्टवर टेकलेली असते. कॅमचा उंचवटा आला की दांडी दाबली जाते आणि पंपातील रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, खाली खेचला जातो. जागा मोठी झाली की आत येणारी झडप उघडून डिझेल आत येते. मग खालची स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि डिझेल दुसऱ्या झडपेतून फिल्टरकडे जाते. (काही गाड्यांत हा लहान पंप मोठ्या पंपाच्याच अंगाला बसवलेला, दट्ट्याचा असतो, त्याची रचना निराळी, पण काम तेच.)

इथे नववीच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. पंप डिझेल ओढतो, असे आपण म्हणतो. खरोखर ओढतो का? नाही. पंप फक्त जागा रिकामी करतो. टाकीतील डिझेलवर बसलेला हवेचा दाब त्याला त्या जागेकडे ढकलतो. म्हणून टाकीत हवा शिरायला वाट हवी. ती वाट, मग ती झाकणाचे बारीक छिद्र असो की निराळी नळी, चिखलाने बुजली की थोडे अंतर गेल्यावर इंजिन उपाशी पडून बंद होते. झाकण उघडले की 'फुस्स' आवाज होतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. असे होत असेल तर पंपाला दोष देऊ नका. वाट साफ करा. विज्ञानाच्या पुस्तकातील हवेच्या दाबाचा धडा असा रस्त्यावर उपयोगी पडतो.

यावरून माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. पंप बदलणे हे काम तासा-दोन तासांचे आहे. कठीण आहे ते पंपच दोषी आहे हे सिद्ध करणे. आरोपीला शिक्षा देण्यापूर्वी पुरावा लागतो, तसाच सुटा भाग बदलण्यापूर्वीही लागतो.

माझ्या माहितीतील एक प्रसंग सांगतो. नावे घेत नाही. मासळीची वाहतूक करणाऱ्या एका गृहस्थांची जुनी डिझेल पिकअप चढावर दम टाकू लागली. सपाटीवर ठीक, खिंड लागली की खोकत थांबायची. सकाळी चालू करताना सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आले की मोठा पंप उतरवून दुरुस्तीला शहरात पाठवावा लागेल. खर्चाचा आकडा मोठा होता. घरात तेवढे पैसे होते, पण ते बारावीला असलेल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. गृहस्थ म्हणाले, "सर, गाडी नाही तर घर नाही. पोरीचं पुढल्या वर्षी बघू." पालकहो, 'पुढल्या वर्षी बघू' म्हणून थांबलेल्या किती मुली पुन्हा शाळा-कॉलेजची पायरी चढतात, हे या सभागृहातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

मी त्यांना विनंती केली की पैसे देण्यापूर्वी एक रविवार मला द्या. माझे वडील आयुष्यभर टेम्पो चालवीत आणि त्यामुळे ही कामे मी लहानपणापासून पाहिलेली होती. शिवाय गावातील एका वयोवृद्ध मिस्त्रींना सोबत घेतले. ती मुलगी आणि तिचा धाकटा भाऊही अंगणात येऊन उभे राहिले.

प्रथम विचारपूस. मी विचारले, ऑइल किती खाते? गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "ऑइल तर अजिबात कमी होत नाही. उलट जास्तच दिसतं." मिस्त्रींनी लगेच ऑइलची दांडी काढली. तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. बोटाला लावून वास घेतला तर डिझेलचा वास. ही आनंदाची गोष्ट नव्हती. फीड पंपाचा पडदा फाटला तर डिझेल फिल्टरकडे जाण्याऐवजी इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरू शकते. तेल पातळ होते, बेअरिंगांना हवे तसे वंगण मिळत नाही, आणि लहानशा पडद्यापायी सबंध इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून सर्वांना सांगतो, ऑइल कमी झाले तर आपण घाबरतो. ते आपोआप वाढले तर अधिक सावध व्हा आणि गाडी तिथेच थांबवा.

तरीही आम्ही लगेच पंप खोलला नाही. डिझेल येण्यात हवा शिरत असली तरी गाडी अशीच खोकते. तेव्हा त्या मुलीने विचारले, "सर, पाइपाखाली कुठंच डिझेल सांडलेलं नाही. पाइप फुटला नसेल तर हवा जाईल कुठून?" प्रश्न फार चांगला होता. उत्तर असे की पंपाच्या अलीकडचा, म्हणजे टाकीकडचा पाइप चोखणीखाली असतो. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंपाच्या पलीकडे दाब असतो. तिथे चीर पडली तर डिझेल गळते आणि डोळ्यांना दिसते. म्हणजे जमीन कोरडी आहे म्हणून पाइप निर्दोष, असे म्हणता येत नाही.

मग दोन चाचण्या केल्या. त्या सर्वांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. त्यापूर्वी डिझेल मिसळलेले तेल काढून चेंबरमध्ये नवे तेल भरले, कारण चाचणीसाठी का होईना, तसल्या तेलावर इंजिन चालवणे योग्य नव्हते.

पहिली चाचणी : स्वच्छ डिझेलचा एक डबा फिल्टरहून उंचावर घट्ट बांधला आणि त्याची नळी थेट फिल्टरला जोडली. फीड पंपाचे बाहेर जाणारे तोंड एका नळीने बाटलीत सोडले, कारण इंजिन चालले की पंपही चालणार आणि डिझेल गरम इंजिनावर सांडणे धोक्याचे. हवा काढून सेल्फ मारला. इंजिन चालू झाले आणि एकसारखे चालत राहिले. यावरून कळले की मोठा पंप, नोझल, फिल्टर यांचा दोष नाही. ज्याला शहरात पाठवायचे ठरले होते तो निर्दोष सुटला. इकडे बाटलीत फीड पंपाचे डिझेल जोरदार चिळकांड्यांनी यायला हवे होते, ते केविलवाणे ठिबकत होते.

दुसरी चाचणी : नळ्या पुन्हा जागी लावल्या, पण टाकीकडून येणारा पाइप सोडून पंपाचे आत घेणारे तोंड छोट्या नळीने जमिनीवरच्या डब्यात बुडवले. आता टाकी, तिची जाळी आणि लांब पाइप हे सारे बाजूला झाले. पंपाला फक्त जवळचे डिझेल उचलायचे होते. थोड्या वेळातच इंजिन खोकले आणि बंद पडले. जर ते नीट चालले असते तर दोष पाइपात किंवा टाकीत ठरला असता. आता मात्र शंका उरली नाही. दोषी फीड पंपच. भूमितीचे प्रमेय सिद्ध करताना आपण जसे एकेक शक्यता वगळत जातो तसेच हे झाले.

आता बदलण्याची रीत क्रमाने सांगतो.

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करावी. हँडब्रेक लावून चाकांना पुढून-मागून दगड द्यावेत. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. विडी-सिगारेट, चूल, कंदील आसपास नको. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही शिरू नये.

पंपाच्या भोवतीची सारी घाण ब्रशने आणि फडक्याने साफ करावी. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. परंतु डिझेलच्या वाटेत गेलेला वाळूचा एक कण मोठ्या पंपाला इजा करू शकतो. कोणता पाइप कुठला, याची खूण करावी. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. एक फोटो काढून ठेवावा.

पाइप सोडताना दोन पाने वापरावेत. एकाने पंपाकडची बाजू धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला तर गंजलेला पाइपच पिळून मोडतो. सुटलेल्या टोकांना स्वच्छ बूच लावावे. मग पंपाचे दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करावेत. दांडीवर कॅमचा ताण जाणवला तर इंजिन हाताने किंचित फिरवून उंचवटा बाजूला न्यावा. पंप निघाला की इंजिनाच्या भोकात स्वच्छ फडके ठेवून जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडावेत. ते फडके शेवटी आठवणीने काढावे.

नवा पंप दुकानदाराने दिला म्हणून लगेच बसवू नये. जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहावेत. दांडीची लांबी आणि वळण तेच आहे का? बोल्टांची भोके जुळतात का? डिझेल आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडे त्याच दिशेला आहेत का? पॅकिंगची जाडीही जुन्याइतकीच हवी. ती बदलली की दांडीची चाल कमी-जास्त होते.

बसवताना दांडीला थोडे इंजिन ऑइल लावावे आणि ती कॅमवर योग्य बाजूने टेकते आहे याची हाताने खात्री करावी. पंप हाताच्या जोराने जागी सपाट बसला पाहिजे. बसत नसेल तर बोल्ट पिळून त्याला ओढू नये. दांडी तरी वाकते किंवा पंपाचा कान तरी तुटतो. इंजिन किंचित फिरवावे, तो आपोआप बसतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळावेत. पाइपांचे नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवावेत, मगच पाना लावावा. जिथे तांब्याचे वॉशर असतात तिथे ते नवे घालावेत. जुन्या वॉशरमध्ये वाचवलेले चार पैसे पुढे हवा घेण्यात जातात.

आता एअर काढणे. किनाऱ्यावरच्या मुलांना हे शिकवण्याची गरज नाही. होडीच्या इंजिनाची एअर त्यांनी कितीदा तरी काढलेली असते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करावा आणि पंपाची हाताने चालवायची दांडी मारत राहावे. दांडीला जोर लागत नसेल तर इंजिन थोडे फिरवून पाहावे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार आली की स्क्रू आवळावा. त्यानंतर मोठ्या पंपावरचा स्क्रू तसाच. मग बॅटरीची तार जोडून सेल्फ मारावा. नोझलच्या नळ्यांशी मात्र अनुभवी माणसाशिवाय खेळू नये. तिथला दाब कातडी फोडून डिझेल अंगात घालू शकतो. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब डॉक्टर गाठला पाहिजे.

गाडी चालू झाली की प्रत्येक सांध्याला कोरडा कागद टेकवून ओल येते का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे. आणि आठवडाभर रोज ऑइलची दांडी काढून पातळी वहीत लिहावी. काढलेले तेल खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे. त्याच खाडीची मासळी आपण खातो.

त्या गृहस्थांच्या गाडीचा पंप दुपारपर्यंत बदलून झाला. जुना पंप मिस्त्रींनी खोलून दाखवला तेव्हा पडद्याला नखाएवढी चीर दिसली. मुलीच्या प्रवेशाचे पैसे जिथे होते तिथेच राहिले आणि त्या वर्षी तिने प्रवेश घेतला. तो फाटका पडदा आणि पंप मी मागून घेतला. तो आपल्या प्रयोगशाळेत ठेवलेला आहे. हवेचा दाब शिकवताना तो मुलांच्या हातात देता येतो.

इथे एक मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या भाषणाने नुकसान व्हायचे. मी सांगितले ते जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीबद्दल. नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. देशभर एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. आताच्या डिझेल पिकअपमध्ये कॉमन रेल पद्धत असते. तिच्यातील दाब हजार बारच्याही वर जातो, म्हणजे टायरमधील हवेच्या कित्येक शे पट. तिथे सेन्सर असतात, संगणक असतो. तिचे पाइप घरी सोडू नयेत. पेट्रोलच्या गाडीत पंप बहुधा टाकीतच विजेवर चालतो. पेट्रोलची वाफ डोळ्यांना न दिसता जमिनीसरशी पसरते आणि लहानशा ठिणगीने पेट घेते. ते कामही अंगणात करू नये. काय करावे हे शिकण्याइतकेच कुठे थांबावे हे शिकणेही शिक्षणच आहे.

पालक बंधू-भगिनींनो, यातून मला तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवायच्या आहेत.

पहिली, गाडीत एक वही ठेवा. कोणत्या तारखेला कोणता भाग बदलला, किती किलोमीटरला फिल्टर घातला, हे लिहा. वही लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. ज्या घरात हिशेब लिहिला जातो त्या घराला कोणी सहज फसवू शकत नाही.

दुसरी, मुलांना जवळ उभे राहू द्या, आणि मुलींनाही. "बाजूला हो, हात काळे होतील," असे म्हणू नका. बॅटरी धरणारी मुलगीच कधी कधी सर्वांत योग्य प्रश्न विचारते, हे मी पाहिले आहे.

तिसरी, कारागिरीची वाट ही नापासांची वाट समजू नका. सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि आयटीआय तिच्यातूनच चालतात. दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिथे घेता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार पुढे कारखान्यात उमेदवारीही करता येते. आपल्या भागातून कित्येक मुले आखाती देशांत जातात. ड्रायव्हर किंवा हेल्पर म्हणून जाणारा आणि हातात प्रमाणपत्र घेऊन मेकॅनिक म्हणून जाणारा, या दोघांच्या पगारात आणि मानात किती अंतर असते, हे तिथे राहून आलेले आपले भाऊ-चाचा अधिक चांगले सांगतील. आणि जो इथेच राहील, त्यालाही किनाऱ्यावर गाड्या आणि होड्या यांची कमतरता नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. गॅरेजमध्ये असा, दवाखान्यात असा की कचेरीत असा, दोष कोणाचा हे ठरवण्यापूर्वी चाचणी करा. कोणी मोठ्या आवाजात सांगितले म्हणून मानू नका आणि स्वतःला वाटले म्हणूनही मानू नका. डबा उंचावर बांधा, नळी लावा, आणि इंजिन काय म्हणते ते ऐका. ही सवय ज्याला लागली त्याचे शिक्षण परीक्षेनंतरही चालू राहते.

 कार्यक्रम संपल्यावर ज्यांना तो पंप पाहायचा असेल त्यांनी प्रयोगशाळेत यावे. हात काळे होण्याची तयारी मात्र ठेवावी.

खुदा हाफिज.